एप्रिलच्या हवेतला आकडा

माझ्या चुलतभावाची कोल्हापुरात मेस आहे. दोन वेळचे मिळून सव्वाशे-दीडशे विद्यार्थी तिथे जेवतात आणि स्वयंपाकघरामागच्या अरुंद बोळात १९ किलोची चार सिलिंडरे एका मॅनिफोल्डला, म्हणजे समाईक नळीला, जोडलेली असतात. गेल्या वर्षी जानेवारीत स्वयंपाकघरातल्या एका शेगडीची रबरी नळी टोकाशी चिरली होती आणि कॉकही रात्री पुरता बंद झालेला नव्हता. पहाटे पोळ्या लाटायला आलेल्या मावशींनी दार उघडताच वास ओळखला, दिव्याच्या बटणालाही हात न लावता मागचे दार उघडले आणि सिलिंडरे बंद केली. त्याच सकाळी दादाचा मला फोन आला. "तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? मग मावशींच्या आधी वास घेणारं कायतरी बसवून दे की."

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा पदविकाधारक. वीस वर्षे कारखान्यांतले दाबाचे आणि तापमानाचे ट्रान्समीटर कॅलिब्रेट करण्यात, म्हणजे माहीत असलेल्या मापांशी ताडून घेण्यात, गेली आहेत. वायूचा सेन्सर हा त्यांचाच एक भाऊबंद असणार, दोन बिंदू लावले की काम झाले, अशी माझी समजूत होती. ती पुरती जायला सात महिने लागले. एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी दादाला बजावली, की बोळातल्या मॅनिफोल्डपाशी प्रमाणित डिटेक्टर आणि गॅस आपोआप तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हे काम अधिकृत ठेकेदाराकडूनच झाले पाहिजे. ते त्याने मार्चमध्ये करून घेतले. माझे यंत्र स्वयंपाकघराच्या आत, शेगड्यांच्या खाली, दुसरी राखण म्हणून बसणार होते.

पुण्यात तपकीर गल्लीतून मी एमक्यू-६ जातीचे पाच सेन्सर घेतले. एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांच्यासाठी हा सेन्सर बनवलेला असतो. मिथेनसाठी, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅससाठी, त्याचा एमक्यू-४ हा भाऊ आहे. जाळीच्या टोपीखाली सिरॅमिकची एक बारीक नळी असते, तिच्यावर टिन डायऑक्साइडचा थर असतो आणि नळीच्या पोटात तापणारी तार. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि पुढे घरगुती गॅसगळतीच्या सूचकांसाठी असे सेन्सर तिथे मोठ्या प्रमाणावर बनू लागले. त्या घराण्यातल्या सेन्सरांच्या क्रमांकाआधी आजही टीजीएस ही अक्षरे लागतात, त्यातला टी तागुचींचा आहे.

त्याचे काम समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. टिन डायऑक्साइडचे कण तापलेले असताना हवेतला ऑक्सिजन त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि कणांमधले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे एका कणातून दुसऱ्या कणात वीज जाताना जणू उंबरठा उंच होतो आणि थराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. ज्वलनशील गॅस आला की तो या चिकटलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध उतरतो. म्हणजे हा सेन्सर खरे तर गॅस मोजत नाही. आपल्या अंगावरचा ऑक्सिजन किती कमी झाला एवढेच तो सांगतो. तो ऑक्सिजन कुणी नेला, एलपीजीने, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने की तव्यावरच्या धुराने, याचे त्याला फारसे सोयरसुतक नसते. हे वाक्य मी वहीत पहिल्या आठवड्यातच लिहिले होते, पण त्याचा अर्थ मला आषाढात कळला.

नवा सेन्सर वीज देताच खरे बोलत नाही. माहितीपत्रक किमान २४ तास तापवायला सांगते. मी पाचही सेन्सर ७ दिवस टेबलावर तापत ठेवले आणि रोज सकाळी त्यांचा स्वच्छ हवेतला रोध टिपला. पहिल्या दिवशी आकडे खूप हलत होते, चौथ्या दिवसानंतर स्थिरावले. एकाच पुडीतून आलेल्या पाच सेन्सरांचे स्थिर रोध मात्र ३८ किलोओहमपासून ९० किलोओहमपर्यंत पसरलेले होते. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅममध्ये एका सेन्सरचे गुणक कायमचे लिहून ठेवलेले असतात, आणि ते उचलून पडद्यावर पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग, दाखवणारे पुष्कळ प्रकल्प मी महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत पाहिले आहेत. त्या आकड्यांना काय अर्थ असेल, हे या पसाऱ्यावरून कळावे. मी मधला, ६५ किलोओहमचा, तीन क्रमांकाचा सेन्सर निवडला.

तापणाऱ्या तारेचा रोध ३३ ओहमच्या आसपास असतो. ५ व्होल्टला ती सुमारे १५० मिलिअँपिअर घेते, म्हणजे पाऊण वॅट. मोबाइलच्या लांब वायरीतून वीज दिली तर सेन्सरपाशी ४.६ व्होल्टच पोहोचतात, तार थंड राहते आणि सगळे वाचनच हलते. म्हणून मी सेन्सरला व्होल्टेज स्थिर ठेवणारा वेगळा रेग्युलेटर दिला आणि व्होल्टेज सेन्सरच्या पायांवर मोजले, वीजपुरवठ्याच्या टोकावर नव्हे. मोड्यूलवर, म्हणजे सेन्सर बसवलेल्या तयार पट्टीवर, लोड रेझिस्टर (सेन्सरशी एकसरीत जोडलेला, ज्याच्यावरचे व्होल्टेज वाचतात तो रोधक) १०२ छापाचा, म्हणजे १ किलोओहमचा, लावलेला होता. एवढ्या लहान रेझिस्टरवर मला हव्या असलेल्या पट्ट्यात व्होल्टेज जेमतेम हलते. तो काढून नेमका किती लावायचा, हे पहिली वाचने हातात आल्यावर ठरले. ते पुढे येईलच.

आता मुख्य प्रश्न होता तो माहीत असलेल्या प्रमाणातला गॅस आणायचा कुठून. हवेत ब्यूटेनचे प्रमाण साधारण १.८ टक्के, म्हणजे १८,००० पीपीएम झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. या खालच्या मर्यादेला आमच्या धंद्यात एलईएल म्हणतात. सूचकाने तिच्या बऱ्याच आधी ओरडायला हवे. युरोपातले घरगुती सूचकांचे मानक ३ ते २० टक्के एलईएलच्या दरम्यान ओरडायला सांगते. मी १० टक्के, म्हणजे १,८०० पीपीएम हा आकडा धरला, आणि त्याच्या निम्म्यावर व दुपटीवर, ९०० आणि ३,६०० पीपीएमवर, कॅलिब्रेशन करायचे ठरवले. दुपटीच्या पुढे जायचे नाही हा नियम होता, कारण बंद डब्यात तापलेली तार असलेले उपकरण ठेवून मर्यादेच्या जवळ जाण्यात कसलेही शहाणपण नाही.

गहू ठेवायचा स्टीलचा मोठा डबा मी वहिनींकडून मागून घेतला. लिटरच्या मापाने पाणी भरून त्याचे आकारमान मोजले, ते २४ लिटर भरले. डब्याच्या तळाशी सेन्सर, कडेला हवा ढवळणारा संगणकातला लहान पंखा आणि तापमान-आर्द्रता मोजणारा एसएचटी३१ असे बसवले, झाकणाला भोक पाडून त्यात सलाइनच्या बाटलीचे रबरी बूच घातले आणि सुईने गॅस सोडायची सोय केली. हिशेब सरळ आहे: २४ लिटरमध्ये ९०० पीपीएम म्हणजे २१.६ मिलिलिटर गॅस, १,८०० साठी ४३.२ आणि ३,६०० साठी ८६.४. झाकणाच्या फटीला काय लावायचे यावर वहिनींनी कणीक सुचवली, बिर्याणीच्या हंड्याला लावतात तशी. मी ती लावलीही. अर्ध्या तासात डब्यातली आर्द्रता १४ टक्क्यांनी चढली, तेव्हा कणीक काढून साधी इन्सुलेशन टेप लावली. तेव्हा मी हसलो होतो, पण ओलावा वाढताच सेन्सरचा आकडा किती सहज खाली घसरला, हे त्याच अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी त्याची नोंद घेतली नाही.

गॅस म्हणून लायटर भरायच्या कॅनमधला ब्यूटेन घेतला. घरगुती एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रण असते, आणि सिलिंडर रिकामे होत जाते तसा प्रोपेन आधी उडून जाऊन मागे ब्यूटेनचे प्रमाण वाढते. तेव्हा त्यातल्या जड आणि लवकर पेटणाऱ्या घटकावर कॅलिब्रेशन करणे मला रास्त वाटले. पहिल्या प्रयत्नात कॅनचे तोंड थेट सिरिंजला लावून मी २२ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत दट्ट्या ओढला. सिरिंजच्या टोकाशी थेंबभर पाणी दिसले असे मला वाटले. गॅस आत सोडला आणि व्होल्टमापकावरचा आकडा चढत गेला तो थांबेचना. ते पाणी नव्हते, द्रवरूप ब्यूटेन होता. १ मिलिलिटर द्रवाचा सुमारे २४० मिलिलिटर वायू होतो; २४ लिटरच्या डब्यात तेवढाच गेला तरी १०,००० पीपीएम, म्हणजे निम्म्याहून अधिक एलईएल. हात थंड पडले. आधी सेन्सरची वीज तोडली, मग मागच्या अंगणात झाकण उघडले आणि तासभर डब्याकडे फिरकलो नाही. नंतर पद्धत बदलली. कॅनमधला गॅस आधी एका फुग्यात घ्यायचा, फुगा हाताला गार लागेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मगच त्यातून ६० मिलिलिटरच्या सिरिंजने मोजून घ्यायचा, तोही दोनदा सिरिंज धुऊन.

बरेच जण सेन्सरसमोर न पेटवलेला लायटर दाबून धरतात आणि घंटी वाजली की चाचणी झाली म्हणतात. सेन्सर जिवंत आहे एवढेच त्यातून कळते. लायटरच्या तोंडाशी प्रमाण हजारो पीपीएमच्या घरात असते, कधी कधी पेटणाऱ्या मर्यादेच्याही वर, आणि इतक्या मोठ्या माऱ्यानंतर सेन्सर पूर्ववत व्हायला बराच वेळ घेतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, ३५ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असताना मी पाच दिवस तीच मापे पुन्हा पुन्हा घेतली. प्रत्येक वेळी डबा उघडा ठेवून स्वच्छ हवेचा आकडा परत जागेवर येईपर्यंत थांबत असे. डबा बंद केल्यावर सेन्सरच्या उष्णतेने आतले तापमान वर सरकते, म्हणून गॅस सोडण्याआधी दहा मिनिटे जाऊ द्यायची, गॅस सोडल्यावर तिसऱ्या मिनिटाला वाचन घ्यायचे, आणि फार थांबायचेही नाही, कारण सेन्सर स्वतःच गॅस थोडा थोडा जाळत असतो आणि बंद डब्यात प्रमाण हळूहळू उतरते. सरासरी अशी आली: ९०० पीपीएमला ८.२ किलोओहम, १,८०० ला ६.१५ आणि ३,६०० ला ४.६.

या तीन आकड्यांत सेन्सरचा सगळा स्वभाव आला. गॅस चौपट झाला, पण रोध निम्मादेखील झाला नाही. लॉग-लॉग आलेखावर, म्हणजे दोन्ही अक्षांवर आकडा दर पावलाला ठरावीक पटीने वाढतो अशा आलेखावर, हे बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि रेषेचा उतार, म्हणजे घातांक, ०.४२ च्या जवळ निघतो. दाबाच्या ट्रान्समीटरची सवय असलेल्या माणसाला हा उतार सुरुवातीला निरुपद्रवी वाटतो. पण उलट दिशेने पाहिले की त्याचा खोडसाळपणा दिसतो: काही कारणाने रोध १० टक्क्यांनी कमी भरला, तर त्यावरून काढलेले गॅसचे प्रमाण २९ टक्क्यांनी चुकते, रोध १५ टक्क्यांनी उतरला तर प्रमाण जवळजवळ दीडपट दिसते. हा गुणाकार मी एप्रिलमध्ये वहीच्या कोपऱ्यात केला होता, आणि दहा टक्के चूक होईलच कशी, असा विचार करून पान उलटले होते.

लोड रेझिस्टर तेव्हाच ठरला. १ किलोओहमवर ९०० आणि ३,६०० पीपीएममधला फरक ०.३५ व्होल्ट येत होता, तिथे ६.२ किलोओहम लावल्यावर तो ०.७२ व्होल्ट झाला आणि १,८०० पीपीएमला बरोबर मध्यावर, २.५ व्होल्टला, काटा आला. ज्या प्रमाणावर ओरडायचे आहे तिथला सेन्सरचा रोध आणि लोड रेझिस्टर सारखे ठेवले की सर्वांत बारीक फरक दिसतो. माहितीपत्रकात सुचवलेला २० किलोओहम तिथे लावला असता तर फरक ०.५२ व्होल्टच मिळाला असता.

यानंतर मी स्वतः एक घोडचूक केली. भिंतीवर लावायच्या डबीत ओल जाऊ नये म्हणून तिच्या कडा मी सिलिकॉन सीलंटने बंद केल्या, आणि सीलंट वाळायच्या आत सेन्सर चालू करून डबी रात्रभर टेबलावर ठेवली. सिलिकॉन वाळताना निघणारी वाफ तापलेल्या टिन डायऑक्साइडवर वाळूसारखा, म्हणजे सिलिकाचा, थर चढवते आणि सेन्सर कायमचा बधिर करते. माहितीपत्रकात हे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. गंमत अशी, की सकाळी स्वच्छ हवेतला आकडा तसाच शांत होता. नुसते पाहून सेन्सर ठणठणीत वाटला असता. डब्यात १,८०० पीपीएम सोडल्यावर त्याचा रोध ६.१५ ऐवजी १७ किलोओहमपाशी थांबला. तीन क्रमांकाचा सेन्सर गेला. चार क्रमांकाचा घेऊन पाच दिवसांचे सगळे काम पुन्हा केले. सुदैवाने त्याचे आकडे तीन क्रमांकाच्या इतके जवळ आले, की वहीतले तेच आकडे पुढे चालवता आले. डबीला सीलंटऐवजी रबराची गोल पट्टी लावली. मेसमध्ये ओट्याच्या सांध्यांना सिलिकॉन भरायचे असेल तर आधी मला फोन करायचा, असा कागदही भिंतीवर चिकटवला.

मे महिन्यात यंत्र बसले. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे डबी जमिनीपासून वीतभर उंचीवर, शेगड्यांच्या नळ्या जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात लावली. दादाला ती वर, दिसेल अशा जागी हवी होती. "खाली कुणाला दिसणार हाय ते?" असे त्याचे म्हणणे. वरच्या जागी त्याला दिसेल असा दिवा आणि घंटी दिली आणि सेन्सर खालीच ठेवला. महिनाभर यंत्र गप्प होते. एकदा मी रबरी नळीच्या सांध्याशी त्याच कॅनमधला ब्यूटेन सिरिंजने सोडून पाहिला, तेव्हा ते नेटके ओरडले. काम झाले असे आम्ही दोघांनीही मानले.

जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि यंत्राला वाचा फुटली. आधी दिवसातून एकदा, मग सकाळ-संध्याकाळ, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमटीला फोडणी पडली की हमखास. दादाचा फोन: "तुझं यंत्र फोडणीला घाबरतंय बघ." मी गेलो तेव्हा प्लग काढून ठेवलेला होता. मावशींनी तो काढला होता, आणि त्यांना बोल लावता येईना. पन्नास माणसांच्या पंगतीच्या वेळी दर दहा मिनिटांनी किंचाळणारी वस्तू कोण चालू ठेवील?

डबी घरी आणून मी वहिनींचा डबा पुन्हा मागितला. बाहेर २४ अंश तापमान आणि ९२ टक्के आर्द्रता होती. स्वच्छ हवेतला रोध ६५ वरून ४१ किलोओहमवर आलेला. पाण्याची वाफही पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनची जागा घेते आणि रोध उतरवते, हे पुस्तकात वाचले होते, पण एवढा फरक माझ्या ध्यानात नव्हता. १,८०० पीपीएम सोडले तेव्हा ६.१५ च्या जागी ५.२ किलोओहम आले, १५ टक्क्यांनी कमी. वहीच्या कोपऱ्यातला तो गुणाकार पुन्हा काढला: एप्रिलच्या हवेत १,८०० ला लावलेली घंटी जुलैच्या हवेत १,२०० पीपीएमलाच वाजत होती. शिवाय स्वच्छ हवेची पातळीच वर सरकल्यामुळे फोडणीच्या धुराला, ओल्या फरशीवर शिंपडलेल्या सुवासिक द्रवाला आणि टेबलांवरच्या सॅनिटायझरला तिथपर्यंत पोहोचायला फार वाटचाल उरली नव्हती.

त्या रात्री मला जी गोष्ट खरोखर अस्वस्थ करून गेली ती वेगळीच होती. मी हेच कॅलिब्रेशन एप्रिलऐवजी जुलैत केले असते तर? मग पावसाळाभर घंटी बरोबर १,८०० ला वाजली असती, सगळे खूश राहिले असते, आणि पुढच्या उन्हाळ्यात, हवा कोरडी झाल्यावर, तीच घंटी २,७०० पीपीएम होईपर्यंत मुकी राहिली असती. तेव्हा कुणाचीही तक्रार आली नसती. चूक दोन्हीकडे सारखीच, पण एकीकडे ती ओरडून स्वतःला पकडून देते आणि दुसरीकडे गप्प बसते. ओरडणारी चूक सुरक्षित म्हणावी, तर तिच्यामुळे प्लग निघाला होता. म्हणजे सगळी रात्र मेस या दुसऱ्या राखणीवाचून होती.

दुरुस्ती एकाच उपायाने झाली नाही. डबीत एसएचटी३१ कायमचा बसवला आणि कोरड्या, मध्यम आणि ओल्या अशा तीन हवांमध्ये घेतलेल्या वाचनांवरून रोधाला आर्द्रता-तापमानाची सुधारणा लावली. ही सुधारणा मी एका मर्यादेपुढे जाऊ देत नाही, कारण उद्या आर्द्रतेचाच सेन्सर बिघडला आणि सतत ९९ टक्के सांगू लागला, तर तो गॅसच्या सेन्सरलाही बहिरे करील. दुसरे म्हणजे घंटी वाजण्याआधी प्रमाण सलग २० सेकंद टिकले पाहिजे अशी अट घातली; फोडणीचा धूर झपकन येतो आणि जातो, गळती टिकून राहते. ३,६०० पीपीएमला मात्र ही अट नाही, तिथे तत्काळ घंटी. तिसरे, डबी शेगडीपासून आणखी हातभर दूर सरकवली. माहितीपत्रकातला कोळशाची गाळणी असलेला टीजीएस २६१० अल्कोहोलकडे बरेच दुर्लक्ष करतो, तो पुढच्या वेळी वापरायचे ठरवले आहे. आणि पडद्यावरचा पीपीएमचा आकडा मी काढून टाकला. हिरवा, पिवळा, लाल असे तीनच दिवे ठेवले. चार अंकी आकडा दिसला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो, आणि त्या शेवटच्या दोन अंकांची हमी द्यायची माझी तयारी नव्हती.

ऑगस्टमध्ये गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात देखभालीचे काम करणारा माझा जुना सहकारी प्रमाणित गॅसचे लहान सिलिंडर घेऊन आला: हवेत ०.९ टक्के आयसोब्यूटेन, म्हणजे ५० टक्के एलईएल. त्यांच्याकडे प्लॅटिनमच्या तारेवर मणी असलेले उत्प्रेरक डिटेक्टर आहेत आणि ते याच पद्धतीने, टोपी लावून, अर्धा लिटर प्रतिमिनिट गॅस सोडून तपासतात. माझ्या सेन्सरवर टोपी लावल्यावर हिशेबाने रोध ३.१५ किलोओहम यायला हवा होता, आला ४.१. म्हणजे ९,००० पीपीएमच्या जागी पावणेपाच हजार. सहकारी म्हणाला, "तुमचा डबा-फुग्याचा उद्योग चुकलाय." मलाही क्षणभर तसेच वाटले. मग लक्षात आले, की सिलिंडरमधली हवा पूर्ण कोरडी असते. मण्याच्या डिटेक्टरला त्याने फारसे बिघडत नाही, कारण तो गॅस जळताना निघणारी उष्णता मोजतो; टिन डायऑक्साइडला मात्र ती सहाराच्या वाळवंटातली हवा. गॅस पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत पुढे सोडला आणि पाच मिनिटे थांबलो. रोध ३.३ वर आला, म्हणजे ८,००० पीपीएम. गव्हाच्या डब्यात आणि लायटरच्या गॅसवर केलेल्या कामाला एवढा मेळ मला पुरेसा वाटला. सहकाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगितली, की हा सेन्सर नायट्रोजनमध्ये भरलेल्या गॅसवर कधी तपासू नकोस. अंगावर चढायला ऑक्सिजनच नसेल तर तो काहीही बोलेल.

आता मेसच्या भिंतीला एक शंभरपानी वही टांगलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जेवणे आटोपल्यावर, मी १,८०० पीपीएमचा एक डोस उलट्या प्लास्टिकच्या भांड्याखाली देतो आणि आकडा लिहितो. मधल्या दिवसांत दिवा पिवळा झाला तर वेळ आणि कारण मावशी लिहितात. "सकाळी ११, मिरचीचा ठसका." "दुपारी ४, फरशी पुसली." नोव्हेंबरच्या एका पानावर नुसतेच "वास आला, नळी बदलली" असे आहे, आणि त्यासमोर दादाची सही. ती जुनी नळी मी मागून घेतली; वाकवल्यावर तिच्या टोकाशी केसाएवढी चीर दिसते.

चार क्रमांकाच्या सेन्सरचा स्वच्छ हवेतला रोध या मार्चमध्ये ५८ किलोओहम आहे, गेल्या वर्षीपेक्षा सात कमी, आणि १,८०० पीपीएमला ५.९. अजून बदलण्याइतका तो सरकलेला नाही. तरी गाळणीवाले दोन टीजीएस २६१० गेल्या मंगळवारपासून माझ्या टेबलावर तापत आहेत, आणि वहिनींचा डबा पुन्हा माझ्याकडे आहे. यंदा त्यांनी तो गव्हासाठी परत मागितलेला नाही. नवीन घेतला म्हणाल्या.